शालनताईंचा एका शब्दाचा प्रश्न

शालनताई, तुमचा फ्लेक्स चांगला आला आहे. ग्रामपंचायतीसमोर, पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केला आहे. फोटो तुमच्या ओळखपत्रावरचाच मोठा केल्यामुळे तुम्ही त्यात कुणाचा तरी संशय आल्यासारख्या दिसता. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे आहेत. त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त जागा अडवली आहे आणि त्यातले दोघे तर चक्क हसताहेत. त्यांचे फोटो बहुधा वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून उचलले असावेत. तुमच्या नावावर 'नशामुक्तीच्या रणरागिणी' असं छापलं आहे. ते वाचून तुम्ही काय म्हणाला असता ते मला नेमकं ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परवा तिथेच तुमची शोकसभा झाली. मलाही बोलायचं आमंत्रण होतं. 'ज्येष्ठ विधिज्ञ' म्हणून माझं नाव पुकारलं जाईपर्यंत मात्र सभेत असं काही घडून गेलं, की मी उठलो, माझं बोलणं झालं म्हणालो आणि खाली बसलो. भोरला परतताना एसटीत ते न केलेलं भाषण आपोआप जुळत गेलं. ते आता तुम्हालाच सांगतो. तसंही तुम्ही गेल्यापासून माझ्याशी भांडायला कुणी उरलेलं नाही. आमच्या बार रूममध्ये वकील पुष्कळ आहेत, पण फी घेतल्याशिवाय भांडायची त्यांना सवय नाही.

आपली ओळख तुमच्या फजितीतून झाली. तुम्ही नुकत्याच परीक्षा देऊन पोलीस पाटील झाला होता. गावात बाई पोलीस पाटील म्हणून लोकांना अजून हसू येत होतं. त्या जूनमध्ये विंझरला शाळेच्या पटांगणात अमली पदार्थ विरोधी दिनाचा कार्यक्रम झाला आणि कायद्याची माहिती सांगायला मला बोलावलं. माहिती सांगायची वेळ आली तोवर पाहुण्यांचे सत्कारच एवढे झाले होते, की पोरं उन्हात पेंगायला लागली होती. मग एका भल्यामोठ्या पोस्टरचं अनावरण झालं. त्यावर बोटांसारखं फाकलेलं हिरवं पान, त्याच्या मागे कवटी, आणि खाली 'असे झाड दिसल्यास त्वरित कळवा'. शेवटी शपथ. पोरांनी हात पुढे ताठ धरले आणि आयुष्यात नशा करणार नाही, असं एका सुरात म्हणून टाकलं. पहिलीतली पोरंसुद्धा म्हणाली. माझ्या शेजारच्या पाहुण्यांना मात्र ओठ उघडता येईनात, कारण गालात तंबाखूचा बार होता. त्यांनी शपथ नाकातून घेतली.

तुम्ही पहिल्या रांगेत बसून ते पान डोळ्यांत साठवत होता. हे मला नंतर कळलं.

भाद्रपदात तुमच्या मोबाईलवर अनोळखी नंबरावरून एक फोटो आला. नाचणीच्या कडेला झाडांची ओळ, आणि पानं अगदी पोस्टरवरच्यासारखी. सोबत, पाटीलबाई, हे तुमच्या गावात चालतं का, असा टोमणा. तुम्ही तो फोटो कर्तव्य म्हणून पोलीस ठाण्याला पाठवलात. दुसऱ्या दिवशी जीप आली. हवालदार, दोन पंच, तागडी, सीलची लाख, सगळा सरंजाम. तुम्ही पुढे, ते मागे. चढणीला लागल्यावर तुमची चाल मंदावली, तेव्हा हवालदाराला वाटलं बाई दमल्या. खरं म्हणजे तुम्हाला बांध ओळखीचा वाटायला लागला होता. शेत तुमचंच होतं. ओळ तुमच्या सासूबाईंनी पेरलेली होती. आणि सासूबाई, अनुसयाबाई, तिथेच खुरपत बसल्या होत्या.

त्यांनी जीपमधून उतरलेल्या फौजेकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, आणि हवालदाराला विचारलं, "अंबाडीवर बी बंदी घातली व्हय सरकारनं?"

मग त्यांनी एक पान खुडून स्वतः चघळलं आणि एक हवालदाराला दिलं. हवालदारानं ते पुरावा असल्याच्या गांभीर्यानं खाल्लं. आंबट आहे, एवढंच तो म्हणाला. पंचांनीही चाखून दुजोरा दिला. असा पंचनामा लिहायची सोय नसल्यामुळे मंडळी अंबाडीची एकेक जुडी घेऊन परत फिरली. बायकोला सांगा, कण्या घालून करा, वरून लसणाची फोडणी, असं सासूबाईंनी मागून ओरडून सांगितलं. त्या तुम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त पुढचा आठवडाभर घरात दुसरी भाजी झाली नाही.

हा किस्सा मला त्या हवालदारानंच कोर्टाच्या व्हरांड्यात सांगितला. सगळ्या खोऱ्यात तो तुमच्याआधी पोचला होता. पुढे तुम्ही कुठल्याशा समन्सच्या कामानं भोरला आलात, तेव्हा मी आगाऊपणानं विचारलं, काय पाटीलबाई, आंबट होती का? तुम्ही अजिबात न लाजता म्हणालात, "लई. पर तुमच्या पोस्टरपरीस बरी." आणि मग जे म्हणालात, ते मी अजून विसरलेलो नाही. जन्मभर खाल्लेली भाजी, पण ते पान कवटीसकट पाहिल्यापासून तुम्हाला हिरवं दिसलं की गुन्हा दिसायला लागला होता. स्वतःच्या सासूचं रान फोटोत ओळखू आलं नाही. म्हणून आता ठरवलंय, आधी घरी जायचं, बसायचं, चाखायचं, मग कळवायचं.

मी म्हणालो, कायद्यात 'चाखणे' असं काही नाही.

"म्हून तर चुका व्हत्यात," तुम्ही म्हणालात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते चांगलं टिकलं. तुम्ही भोरला आलात की माझ्या खोलीत डोकावायचात, मी तुमच्या बाजूला आलो की तुमच्या ओट्यावर बसायचो. माझं म्हणणं असं, की कायदा सगळ्यांना एका मापानं मोजतो म्हणूनच तो कायदा. तुमचं म्हणणं, माप एकच असू द्या, पण आधी भांड्यात काय आहे ते तरी बघा. मी पुस्तकांतले दाखले द्यायचो. तुम्ही भाकरी उलटता उलटता ऐकायचात आणि शेवटी, हे ज्यानं लिहिलं त्याला पोरं होती का, असं विचारायचात. या प्रश्नाला आमच्या शास्त्रात उत्तर नाही.

तुम्ही मऊ होतात असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. पालीच्या रस्त्याला, गड चढायला येणाऱ्या पोरांच्या गाड्या लागतात तिथे एकानं टपरी टाकली होती. बिस्किटाच्या डब्यात गांज्याच्या पुड्या ठेवायचा आणि पुण्याच्या पोरांना विकायचा. तो तुमच्या माहेरच्या भावकीतला निघाला. तिथे तुम्ही ना बसलात, ना चाखलंत. थेट ठाण्याला कळवलंत आणि पुढे कोर्टात साक्षीला उभ्या राहिलात. आमच्याकडे साक्षीदार पिंजऱ्यात चढला की त्याला विसरण्याचा आजार होतो. तुम्हाला तो झाला नाही. भावकीनं लग्नाला बोलवायचं बंद केलं, तर तुम्ही म्हणालात, बरं झालं, आहेर वाचला. खरं म्हणजे कायदाही हेच म्हणतो. विकणारा वेगळा, ओढणारा वेगळा. मी हे कलम दाखवून सांगायचो, तुम्ही न बघताच वागायचात.

आणि मग नामा.

तुमच्या गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत धनगरवाडा आहे. तिथल्या धोंडीबाचा हा थोरला. म्हशींमागे राहण्यापेक्षा बरं म्हणून पिकअप चालवायला लागला. शिवऱ्याच्या आसपास, हायवेच्या कडेला गोदामं झाली आहेत, तिथला माल इकडेतिकडे पोचवायचा. जागरण, वाट बघणं, सोबतीचे ड्रायव्हर. आधी गांजा, मग अधूनमधून पावडर. एका दुपारी नाकाबंदीत गाडी अडवली आणि सीटखाली गांज्याची पुडी सापडली. गावचा माणूस म्हणून ठाण्यानं तुम्हाला फोन केला. नसरापूरला गाडी बदलून तुम्ही धोंडीबाला घेऊन भोरला माझ्या खोलीवर आलात. धोंडीबा दारातच उकिडवा बसला. तुम्ही खुर्चीवर बसलात आणि विचारलंत, कायद्यात ह्याला वाट आहे का?

वाट होती. पुडी लहान होती आणि ती विकायला नव्हती. असा माणूस खरोखर व्यसनी असेल आणि आपण होऊन उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालवू नये, अशी तरतूद अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. मधेच सोडले तर सवलत जाऊ शकते. हे कलम आमच्याकडे फारसं कुणी उघडत नाही. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, मोकळं व्हायचं, असा रिवाज. आरोपीला त्यातच सोय वाटते आणि वकिलाला तर वाटतेच. पण एकदा तसा ठपका बसला की हायवेवरच्या कुठल्याही गोदामाच्या दारात नामा उभा राहू शकला नसता. आणि ठपक्यानं व्यसन थोडंच सुटतं. दंड भरून तो बाहेर पडला असता तो थेट जुन्याच सोबतीत.

तुम्ही मला ते कलम दोनदा वाचायला लावलंत. मग म्हणालात, "म्हंजी कायदा बी शपथ मागत न्हाई. दवाखान्यात जा म्हणतो."

मला वाटलं, काम झालं. पण पुढे भलताच अडसर निघाला. सवलत हवी तर कोर्टात उभं राहून, मला व्यसन आहे, असं म्हणावं लागणार होतं. नामा तयार होईना. तारखेच्या दिवशी, टायपिस्ट बसतात त्या पत्र्याखाली तो मान खाली घालून उभा होता. गुन्हा केला म्हणतो, जेलात घाला, पण बापासमोर व्यसनी म्हणणार न्हाई, हे त्यानं मला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मी इतकी वर्षं वकिली केली. माणसं गुन्हा नाकारतात, हे मला पाठ होतं. माणूस आजार नाकारून गुन्हा मागतो, हे मी प्रथमच पाहत होतो.

तोडगा धोंडीबानं काढला. गुन्हा कबूल करू द्या, दंड भरतो, आणि घरी गेलो की देवापुढं बेल-भंडारा उचलायला लावतो. मग बघू कसा शिवतो त्या गोष्टीला. तळहातावर बेलाचं पान, त्यावर देवाची हळद, आणि वर जाईल तो शब्द. तुमच्या बाजूला जमिनीचे तंटेसुद्धा यावर मिटलेले मला ठाऊक आहेत. मला कल्पना पटली. आमच्या कोर्टात लोक रोज ईश्वराला साक्ष ठेवून खोटं बोलतात. शाळेच्या पटांगणातली शपथ मी पाहिली होती. तिच्यापुढे ही निदान कुणीतरी खरी मानतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते तुमच्या फ्लेक्सवरच्या नजरेनं. "खरी मानतो म्हून तर नको," म्हणालात. "सरकारची शपथ मोडली तर काय व्हत न्हाई. पोरं मोडत्यात आन फुडल्या साली परत घेत्यात. ही मोडली तर ह्यो कुणाच्या दारात जाईल? देवाच्या न्हाई, बापाच्या न्हाई. मग एकच दार उघडं ऱ्हातंय. पावडरवाल्याचं."

धोंडीबानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तुम्ही नामाकडे वळलात आणि त्याला अंबाडीची गोष्ट सांगितलीत. त्याला ती माहीतच होती, पण ज्या बाईची फजिती झाली तिच्या तोंडून त्यानं ती ऐकली नव्हती. जीप, तागडी, लाख, सासू, हवालदाराचं चघळणं, काही गाळलं नाहीत. धोंडीबा गालातल्या गालात हसायला लागला. मग नामाही. तेवढ्यात पुकारा झाला. नामा आत जायला निघाला, तेव्हा तुम्ही मागून हळूच म्हणालात, "लाज अंबाडीवानी असती बाबा. तोंडात आंबट. पोटात गेली की भाजी."

मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या. त्यांनी पेन खाली ठेवून साध्या आवाजात विचारलं, तुम्हाला व्यसन आहे का. नामानं बापाकडे पाहिलं. बाप पंख्याकडे बघत होता. "व्हय," नामा म्हणाला. "हाय." उपचार घ्यायची तयारी आहे का, असं विचारल्यावर पुन्हा तेवढंच. सगळं मिळून एसटीचं तिकीट फाडायला लागतो तेवढा वेळ. बाहेर आल्यावर धोंडीबा मला म्हणाला, एवढंच म्हणायचं व्हतं तर पोरानं घरीच म्हणायचं, गाडीभाडं वाचलं असतं. त्याचे डोळे ओले होते आणि ते माझ्या लक्षात येऊ नये म्हणून तो हे बोलला, हे आपल्या दोघांनाही कळलं. आपण दोघंही गाडीभाड्याबद्दलच बोलत राहिलो.

तुमचं ते लाजेचं वाक्य मी पुढे पुष्कळ बापांना, आयांना, एका बायकोलाही ऐकवलं आहे. ते कलमही मी आता वरचेवर उघडतो. वाक्य तुमचं आहे हे मात्र कधी सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांना ते मला सुचलं असंच वाटलं आणि मी वाटू दिलं. आज ते परत करतो.

नामा उपचारांना गेला, पूर्ण करून आला, कागद मिळाला, मी तो कोर्टात दाखल केला. माझ्या लेखी प्रकरण संपलं. तुमच्या लेखी ते तिथे सुरू झालं. कागद दवाखान्याचा झाला, नामाचा व्हायला अजून लई दिस, असं तुम्ही म्हणालात. किती, असं मी विचारल्यावर म्हणालात, ते रोज इचारावं लागंल.

आणि तुम्ही ते खरोखरच रोज विचारलंत. पिकअप सोडून नामा दुधाला लागला होता. धनगरवाड्यावरचं दूध मोटारसायकलला कॅन लटकावून संध्याकाळी खाली डेअरीला आणायचा. रस्ता तुमच्या दारावरून. तुम्ही ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असायचात. तो गाडी थांबवायचा. तुम्ही मान वर न करता विचारायचात, "आज?" तो म्हणायचा, "न्हाई." मग चहा. शपथ नाही, उपदेश नाही, शाबासकीसुद्धा नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, दुधाबद्दल बोलताय.

एकदा मी ओट्यावर असतानाच तो म्हणाला, "व्हय."

दसरा नुकताच झाला होता. मी कप खाली ठेवला. तुम्ही तांदळातला खडा काढून बाजूला टाकलात आणि त्याला नेहमीच्याच कपात नेहमीएवढाच चहा दिलात. तो निघताना म्हणालात, "उद्या ये." एवढंच. तो गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडलो. तुम्ही पोलीस पाटील आहात, तुमच्यासमोर माणूस गुन्हा कबूल करतो आणि तुम्ही त्याला चहा पाजता. तुम्हाला हे कळवणं बंधनकारक आहे. तुम्ही म्हणालात, चहा पिताना सांगितलेलं सरकारला लागू न्हाई. मी हसलो नाही. मी खरोखरच चिडलो होतो, कारण उद्या काही बरंवाईट झालं असतं तर पद तुमचं गेलं असतं, आणि टपरीवाल्याची भावकी त्याची वाटच बघत होती. हे मी तेव्हा बोललो नाही. कायद्याच्या भाषेत भांडत राहिलो, कारण काळजीच्या भाषेत भांडायला मी शिकलेलो नाही.

तुम्ही सूप बाजूला ठेवलंत. "कळवते की," म्हणालात. "रोज कळवते. त्याचं त्यालाच."

दुसऱ्या दिवशी नामा आला का, हे मी फोन करून विचारलं नाही, कारण तो तुमचा विजय ठरला असता. तुम्हीच फोन केलात आणि तांदळाचा भाव सांगून झाल्यावर, जाता जाता, आला व्हता, न्हाई म्हणला, असं म्हणालात.

आता शोकसभेत काय झालं ते. वेल्हे तालुक्याला गडाचं नाव मिळाल्यापासून भाषणांत इतिहास वाढला आहे. एसटीतला कंडक्टर मात्र अजून वेल्हे-वेल्हे असंच ओरडतो. एका वक्त्यानं तुम्हाला गडावर चढवलं, दुसऱ्यानं तिथून तलवार दिली. मिश्रीनं काळ्या दातांच्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यातल्या काही खरोखर रडत होत्या. भाषण चालू नसलं की त्यांचं रडणं ऐकू यायचं. मग एका उत्साही तरुण नेत्यानं जाहीर केलं, की ताईंच्या स्मृतीसाठी गावातल्या सगळ्या पोरांनी आज इथेच बेल-भंडारा उचलून नशामुक्तीची शपथ घ्यायची. देवळातून ताट आलं. आणि पहिला मान, तो म्हणाला, आपल्या नामाचा.

नामा मागे, खांबाला टेकून उभा होता. लोकांनी त्याला पुढे ढकललं. ताट त्याच्यासमोर आलं, माईक हातात आला. धोंडीबा पहिल्या रांगेत होता. मी तुम्हाला खरं सांगतो, ताई, क्षणभर मला वाटलं, घेऊ द्या. इतकी वर्षं झाली, आता मोडणार नाही. तुम्हालाही बरं वाटेल.

"म्या न्हाई घेणार," नामा म्हणाला.

माईकनं शीळ घातली. कुणीतरी तो हलवून नीट केला. तोवर नामाला पळून जायला भरपूर वेळ होता, पण तो थांबला. "ताई असत्या तर त्यांनी घेऊ दिली नसती. आज म्या ओढलं न्हाई. उद्याचं मला ठावं न्हाई. उद्या इचारा."

माईक ताटाशेजारी ठेवून तो खांबाकडे परत गेला. ताटवाला पोऱ्या कुणाकडे जावं ते न कळून तसाच उभा. नेता घसा खाकरत होता. तेवढ्यात धोंडीबा उठला, ताटातला चिमूटभर भंडारा घेतला, मागे चालत गेला आणि पोराच्या कपाळाला लावला. रोज देवळातून येताना लावतात तसा. परत येऊन जागेवर बसला. आणि यानंतर ज्येष्ठ विधिज्ञांना पुकारलं. तुम्हीच सांगा, मी काय बोलणार होतो?

सभा संपल्यावर मी तुमच्या घरी गेलो. अनुसयाबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आता कमी दिसतं आणि ऐकू तर अगदीच कमी येतं. सूनबाईच्या आधी आपण जायला पाहिजे होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या वतीनं तसं म्हणायला आलेल्या बायका पुष्कळ होत्या. त्या म्हणाल्या, पाटलीण गेली, आता माझ्या अंबाडीवर धाड कोन घालंल? त्यांच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. रडून झालेलं दिसत होतं. मी ओट्यावर येऊन बसलो. तुमचं सूप भिंतीला लावून ठेवलं होतं.

नेहमीच्या वेळेला मोटारसायकलचा आवाज आला. नामानं सवयीनं गाडी थांबवली, बंद केली, आणि मग ओट्याकडे पाहिलं. तिथे मी होतो. तो उतरलाही नाही आणि गेलाही नाही. कॅनच्या झाकणाला उगाच हात लावत राहिला. तो एक शब्द माझ्या घशापर्यंत आला होता, ताई. पण ज्या माणसानं त्या शब्दावर एवढी हरकत घेतली, त्यानंच तो उच्चारावा, हे काही माझ्यानं होईना.

"कोन हाय?" आतून आवाज आला. "नामा का? काय रं, आज?"

नामा म्हणाला, न्हाई.

"आं?"

"न्हाई म्हणलं, आज्जी."

"मोठ्यानं बोल की. ऐकू येत न्हाई मला."

नामानं माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून, डोंगरावरून म्हशी हाकाव्यात त्या आवाजात ओरडला, "आज ओढलं न्हाई!"

समोरच्या घरातली बाई भांडी घासायची थांबून दारात आली. कुत्रं भुंकलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून कुणीतरी म्हणालं, ऐकलं रं बाबा, ऐकलं. नामाचे कान लाल झाले, पण तो हसत होता.

तर शालनताई, असं आहे. त्याचं त्यालाच कळवायचं म्हणून तुम्ही माझ्याशी भांडलात, आणि आता रोज संध्याकाळी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं तो ओरडून सांगणार. हा मुद्दा मी माझ्या बाजूनं धरतो आहे. तुमची हरकत असणार, ती मी नोंदवून घेतली आहे.

चहा समोरच्या बाईनं करून दिला, तुमच्यापेक्षा गोड. नामानं कप विसळून पालथा घातला आणि गाडीला किक मारली, तेव्हा आतून पुन्हा आवाज आला.

"उद्या ये."